पाळक बदलताना मंडळीत पडणारे प्रश्न: लोक परत परत विचारतात ते सगळं एका जागी

सांगलीतल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळकसाहेब (पास्टर) बदलून गेले आणि पुढचे यायला अकरा महिने लागले. त्या काळात मी कमिटीची सेक्रेटरी होते, त्यामुळे फोन माझ्याकडेच यायचे. नंतर मिरज, तासगाव, कराड, वाईकडच्या लोकांनीही विचारायला सुरुवात केली, कारण हे सगळीकडेच चाललंय. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. मी काही धर्मशास्त्र शिकलेली नाही, वकीलही नाही. तीन पाळकांच्या बदल्या जवळून बघितल्यात, एवढाच माझा अधिकार.

१. पाळकसाहेब जाणार असं कानावर आलंय पण कोणी नक्की सांगत नाही. काय समजायचं?

आधी सरळ त्यांनाच विचारा. उपासना झाल्यावर दारात हात मिळवताना नको, घरी जाऊन विचारा. बहुतेक वेळा कारण साधं असतं, बदलीची मुदत झालेली असते, निवृत्ती असते, मुलांचं शिक्षण असतं, तब्येत असते. पत्र हातात पडेपर्यंत त्यांनाही बोलता येत नाही म्हणून ते गप्प असतात, आणि ते गप्प म्हणून आपण कारणं जोडत बसतो. ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजबद्दल प्रश्न ९ मध्ये लिहिलंय.

२. पाळक कोण ठरवतं? आपल्याला कोणी विचारत का नाही?

हे कुठल्या चर्चचे आहात त्यावर आहे. सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मध्ये बदली आणि नेमणूक बिशपांकडून होते, पास्टोरेट कमिटी (मंडळीची कमिटी) आपली गरज लेखी कळवू शकते आणि ती जरूर कळवावी. कॅथलिक लोकांत धर्मगुरू बिशपच नेमतात, आणि बिशप स्वतः ७५ वर्षांचे झाले की राजीनामा पोपकडे पाठवतात. मेथडिस्ट मंडळ्यांत वार्षिक कॉन्फरन्सच्या शेवटी नेमणुकांची यादी वाचली जाते, आणि मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मी) अधिकाऱ्यांना, म्हणजे तिथल्या पाळकांना, वरून हुकूम येतो. स्वतंत्र मंडळ्यांमध्ये मात्र ट्रस्ट किंवा वडील मंडळी ठरवतात, तिथे सभासदांचा आवाज जास्त असतो आणि खरं सांगायचं तर भांडणंही जास्त होतात.

आम्ही पत्र लिहिलं तेव्हा चार ओळीच लिहिल्या. आमच्याकडे म्हातारे लोक किती, शब्बाथ शाळेत (रविवारच्या मुलांच्या वर्गात) मुलं किती, शेतमजूर कुटुंबं किती, आणि घरोघर फिरणारा माणूस हवा. नाव कुणाचंच सुचवलं नाही. नाव लिहिलं की त्या नावाचा गट तयार होतो, हे आम्ही आधीच्या वेळी भोगलं होतं.

३. पाळक नाहीत म्हणजे चर्च बंद राहणार का?

नाही. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ ला गेले आणि ८ मे ला पोप लिओ चौदावे निवडले गेले. मधले सतरा दिवस जगभरच्या कॅथलिक चर्चला पोप नव्हते. त्या दिवसांतही गावोगावी मिस्सा (कॅथलिक उपासना) झाला, फक्त प्रार्थनेत पोपचं नाव घ्यायच्या जागी कुणाचं नाव घेतलं नाही. एवढ्या मोठ्या चर्चचं चालतं तर आपल्या साठ घरांच्या मंडळीचंही चालतं.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. पहिल्या रविवारी घंटा कोणी वाजवायची इथपासून गोंधळ, कारण इतकी वर्षं पाळकसाहेब स्वतः लवकर येऊन सगळं उघडायचे आणि ते आम्हाला माहीतच नव्हतं. किल्ली कुठल्या कुलपाची तेही कळेना. मग एका रिटायर्ड शिक्षकांनी उपासना चालवली, तरुण संघातल्या एका मुलाने बायबलमधलं वचन वाचलं, हात थरथरत होते त्याचे, आणि महिला मंडळाने विशेष गीत म्हटलं. संदेश (प्रवचन) दहा मिनिटांचाच झाला. पण बाहेर पडताना लोक थांबून बोलत होते, एरवी चपला घालून पळणारे. पुढे आम्ही तीन महिन्यांचा तक्ता करून दारामागे चिकटवला. उपासना कोण चालवणार, वचन कोण वाचणार, आजाऱ्यांकडे कोण जाणार. हा तक्ता पहिल्याच आठवड्यात करा, महिना जाऊ देऊ नका.

४. मग प्रभुभोजन, बाप्तिस्मा, लग्न, दफन यांचं काय करायचं?

प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी) आणि बाप्तिस्म्यासाठी शेजारच्या मंडळीच्या दीक्षा झालेल्या पाळकांना बोलवा, महिन्यातून एक रविवार ठरवून टाकला की लोकही तयारीत राहतात. कॅथलिक चर्चमध्ये जिवावर बेतलं असेल तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, बाकी मंडळ्यांनी आपापला नियम वरच्यांना विचारून घ्यावा.

दफनविधी थांबत नसतो. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये पंचांपैकी (मंडळीच्या कमिटीतल्यांपैकी) कोणी तो चालवू शकतो. नंतर दफनाच्या रजिस्टरमध्ये नोंद मात्र न विसरता करा, कारण दहा वर्षांनी वारसाच्या कामाला तीच नोंद शोधत लोक येतात.

लग्नाची गोष्ट वेगळी आहे, तिथे कायदा आहे. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे आणि लग्न कोण लावू शकतो ते त्यात ठरवून दिलंय. सगळेच उपदेशक त्यात बसत नाहीत, काहींना सरकारी लायसन्स लागतं. म्हणून जे पाहुणे पाळक येणार त्यांना तो अधिकार आहे का हे आधी विचारा, लाजू नका. वेळही सर्वसाधारणपणे सकाळी ६ ते संध्याकाळी ७ च्या आतली लागते. आमच्याकडे एका घरात पत्रिका छापून झाल्या, हॉल बुक झाला, आणि लग्न लावणार कोण हे ठरलंच नव्हतं. आठ दिवस त्या मुलीच्या आईच्या घशाखाली घास उतरला नाही. नोटीस द्यायची असते, रजिस्टर असतं, साक्षीदार लागतात, तेव्हा हे दोन महिने आधीच बघा.

५. आमचे पाळक गेल्यापासून माझी प्रार्थनाच होत नाही. माझा विश्वास त्यांच्यावर होता की देवावर, असं वाटायला लागलंय.

हा प्रश्न रात्री दहानंतरच्या फोनवर येतो, आणि विचारणारे बहुतेक असे असतात ज्यांच्या घरी त्या पाळकांनी मोठ्या दुखण्यात रात्र काढलेली असते. त्यांना एकच सांगते की असं वाटलं म्हणून तुमचा विश्वास खोटा ठरत नाही. ज्या माणसाने देवाची ओळख करून दिली तो गेला की काही दिवस देवही लांब गेल्यासारखा वाटतो. मलाही वाटलं.

माझ्या मनाला आधार मिळाला तो मान्नाने, म्हणजे इस्राएल लोकांना वाळवंटात देवाकडून रोज सकाळी मिळणाऱ्या अन्नाने. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात त्यांचा पुढारी मोशे मवाबात मरण पावतो आणि लोक तीस दिवस शोक करतात. पुढे यहोशवाच्या पाचव्या अध्यायात मान्ना पडायचा बंद होतो, पण तो यार्देन नदी ओलांडून, वल्हांडण सण पाळून, कनान देशाचं धान्य खाल्ल्यावर. मी कितीदा वाचलं असेल पण दोन गोष्टी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. याचा अर्थ मोशे गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून लोकांनी तंबूबाहेर बघितलं तेव्हा मान्ना पडलेला होता. शोकाचे तीसही दिवस पडत होता. रडून सुजलेल्या डोळ्यांनी बायका टोपल्या घेऊन वेचायला गेल्या असतील. ज्याला ते चाळीस वर्षं पुढारी म्हणत होते तो नव्हता, आणि सकाळचं अन्न होतं.

उलटी गोष्ट निर्गम ३२ मध्ये आहे. तिथे मोशे मेलेला नव्हता, नुसता उशीर झाला होता, डोंगरावर चाळीस दिवस. तेवढ्यात लोकांना धीर धरवेना आणि त्यांनी बायकामुलांच्या कानातलं सोनं काढून अहरोनाकडून वासरू करून घेतलं. आपल्याकडेही मधला काळ लांबला की हेच होतं, जो मोठ्याने बोलतो किंवा जो पैसे सोडतो त्याला घाईघाईने पुढे बसवतात.

तर प्रार्थना होत नसेल तर मोठी करू नका. मी त्या अकरा महिन्यांत सकाळी चहा ठेवायच्या आधी एक स्तोत्र मोठ्याने वाचायची, बस्स. काही दिवस डोळ्यात पाणी यायचं, काही दिवस काहीच वाटायचं नाही, तरी वाचायची. आणि रविवारी जायचं, मन असो नसो. माझ्या बाकावर शेजारी एक आजी बसायच्या, त्यांना गीताचं पुस्तक वाचता यायचं नाही, मी बोट ठेवून ओळ दाखवायची. मी गेले नाही तर त्यांना ओळ कोण दाखवणार, या एका कारणाने मी कितीतरी रविवार गेले.

६. नवीन पाळकांचा संदेश मनाला भिडत नाही. दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ का?

वर्षभर थांबा, माझं मत. जुन्या पाळकांचाही पहिल्या वर्षीचा संदेश आठवून बघा, तोही कोणाला आठवत नाही. माणूस नवीन गावात आलाय, कुणाच्या घरी काय दुःख आहे ते त्याला माहीत नाही, तर तो मनाला भिडणारं बोलणार कसा? त्याला घरी बोलवा, जेवायला घाला, तुमची गोष्ट सांगा. बायबलमध्ये करिंथच्या मंडळीत प्रेषित पौलाचे आणि दुसरे शिक्षक अपुल्लोस यांचे असे गट पडले होते, तेव्हा पौलाने लिहिलं की एकाने लावलं, दुसऱ्याने पाणी घातलं, वाढवणारा देव. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको, लागण एकाची असते आणि पाण्याची पाळी कितीदा दुसऱ्याचीच असते.

मात्र शिकवणच चुकीची वाटत असेल, पैशाच्या बदल्यात आशीर्वाद असं काही चाललं असेल, तर वर्ष थांबू नका. आधी त्यांच्याशी बोला, मग पंचांशी, मग वरच्यांकडे लेखी द्या.

७. जुने पाळक जवळच राहतात. घरच्या कार्याला त्यांनाच बोलावलं तर चालेल ना?

पाहुणे म्हणून अवश्य बोलवा. विधी चालवायला बोलवायचं असेल तर आधी नव्या पाळकांना विचारा, आणि आमंत्रण त्यांच्याकडूनच जाऊ दे. आमच्या जुन्या पाळकसाहेबांनी हे फार सुंदर सांभाळलं. मी स्वतः त्यांना आमच्या घराच्या शांतीची प्रार्थना करायला फोन केला होता, तर म्हणाले, "ताई, मी येतो, पण जेवायला. प्रार्थना तुमच्या पाळकांनाच करू द्या." तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता कळतं त्यांनी त्या दिवशी नव्या माणसाला आमच्या घरात जागा करून दिली. पौलही मिलेतला इफिसच्या वडिलांना भेटून, सगळं त्यांच्या हाती सोपवून, गळ्यात गळे घालून रडून निघून गेला. प्रेषितांची कृत्ये २० वाचा, निरोप कसा घ्यावा ते तिथे आहे.

८. सगळं ठरेपर्यंत अर्पण आणि दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) थांबवू का?

थांबवू नका. लाईटबिल येतंच, शिपायांचा पगार द्यायचाच असतो, आणि हंगामाच्या सणाला कुणी हळदीचं पोतं आणतं, कुणी उसाची मोळी, कुणी कोंबडी, त्या लिलावाचे पैसेही कुणीतरी मांडून ठेवायलाच लागतात. हिशोबावर शंका असेल तर हिशोब मागा, तो सभासदाचा हक्क आहे. नोंदणीकृत ट्रस्टला दरवर्षी ऑडिट असतं. आम्ही दर महिन्याला जमाखर्चाचा कागद दारामागच्या तक्त्याशेजारी लावायला लागलो (प्रश्न ३), त्यानंतर शंकाच कमी झाल्या.

९. ग्रुपवर रोज नवीन बातमी येते. खरं कसं ओळखायचं?

पत्राचा फोटो आहे का, त्यावर सही आणि तारीख आहे का, एवढं बघा. नसेल तर पुढे पाठवू नका. आमच्या ग्रुपवर आम्ही ठरवलं की पाळकांच्या विषयावर फक्त सेक्रेटरीने लिहायचं, आणि काही नसलं तरी दर शनिवारी "अजून काही कळलेलं नाही" असं लिहायचं. त्या एका ओळीने निम्मे फोन कमी झाले.

१०. आमच्याकडे दोन गट पडलेत आणि दोन कमिट्या झाल्यात. दोघंही म्हणतात आम्हीच खरे. सभासदाने काय करायचं?

हे सगळ्यात अवघड. चर्चचा ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदलेला असेल तर विश्वस्त बदलल्यावर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. म्हणजे कागदावर आज कोणाची नावं आहेत हे धर्मादाय कार्यालयात कळतं. तिथे जाऊन नोंदीची नक्कल मागा, आणि ती हातात आल्यावरच कुणाच्या बाजूने बोला. जमिनीचा विषय निघाला असेल, आणि असे गट पडतात तिथे तो बहुतेक निघतोच, तर कलम ३६ लक्षात ठेवा. ट्रस्टची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या आधी घेतलेल्या परवानगीशिवाय विकता येत नाही. शेतजमीन १० वर्षांच्या वर आणि बिगरशेती जागा किंवा इमारत ३ वर्षांच्या वर भाड्याने द्यायलाही तीच परवानगी लागते. मिशनच्या काळातल्या जागा आज शहराच्या मधोमध आल्यात, त्यामुळे डोळे उघडे ठेवा.

पण कोर्टाचं काम कोर्टात करा आणि रविवार रविवारसारखा ठेवा. एका मंडळीत, नाव नको, दोन गटांनी एकाच चर्चला दोन कुलपं लावली होती. नाताळच्या सकाळी नवे कपडे घातलेली मुलं गेटबाहेर उभी होती. मला ते दृश्य विसरता येत नाही. निदान शब्बाथ शाळा, आजाऱ्यांच्या भेटी आणि दफन या तीन गोष्टींत गट आणायचा नाही, एवढं तरी दोन्ही बाजूंच्या बायकांनी बसून ठरवावं. बायका म्हणते कारण आमच्याकडे ते बायकांनीच जमवलं.

११. पाळकांवर गंभीर आरोप आहेत. "देवाच्या सेवकाविरुद्ध बोलू नये" म्हणून सगळे गप्प बसायला सांगतात. विश्वास ठेवणं म्हणजे हेच का?

नाही, नाही आणि नाही. लहान मुलाच्या लैंगिक छळाची गोष्ट असेल तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, कमिटीची मीटिंग घेऊन मिटवायचा तो विषयच नाही. १०९८ या चाइल्डलाइन नंबरवर फोन करता येतो. बाईमाणसाला त्रास झाला असेल तर आधी तिच्या बाजूला जाऊन बसा, चर्चच्या नावाची काळजी मागून करा. पैशाचा घोळ असेल तर लेखी तक्रार, तारखेसह, पोच घेऊन. आरोप सिद्ध झालेले नसतील तर निकाल लागेपर्यंत त्या पाळकांनी व्यासपीठापासून लांब राहावं, त्यात त्यांचंही रक्षण आहे. मेंढरांची काळजी असणारा मेंढपाळ चौकशीला विरोध करणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

१२. ज्यांच्यावर आरोप सिद्ध झाले त्यांनीच माझा बाप्तिस्मा आणि लग्न केलं होतं. ते आता धरायचं का?

धरायचं. हा वाद सोळाशे-सतराशे वर्षं जुना आहे. उत्तर आफ्रिकेत डोनाटिस्ट लोक म्हणायचे की छळाच्या काळात ज्या पुढाऱ्यांनी कच खाल्ली त्यांच्या हातचे संस्कार खरे नाहीत. चर्चने ते मानलं नाही, आणि पुढे संत ऑगस्टिन यांनी सविस्तर मांडलं की बाप्तिस्मा देणारा मुळात ख्रिस्त आहे, पाळक नुसता हात आहे. लग्नाच्या बाबतीत त्यांना तेव्हा कायदेशीर अधिकार होता की नाही एवढंच बघायचं, ते प्रश्न ४ मध्ये आलंय.

१३. आमच्या आईचं वय ८१. ती म्हणते पूर्वी असं कधीच झालं नाही, आता चर्चचं काही खरं नाही.

आईंना वाद घालून समजावू नका, त्यांना जुनं विचारा, त्यांच्याच तोंडून बाहेर येईल. त्यांनी २९ नोव्हेंबर १९७० बघितलाय, नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन सी.एन.आय. झालं तेव्हा त्या ऐन पंचविशीत असतील. त्या वेळीही लोक घाबरले होते, आपली उपासना बदलेल का, आपली गीतं जातील का.

त्याच्याही आधीचं बघा. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस १८८९ ला भारतात आले, १८९४ ला मिरजेत हॉस्पिटल उघडलं आणि १९२८ ला परत गेले. जवळजवळ चाळीस वर्षं ज्या माणसाच्या नावाने मिरज ओळखली जायची तो गेल्यावर हॉस्पिटल बंद होईल असं कोणाला वाटलं नसेल का? त्यांच्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथे बरे झाले. साताऱ्यात ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा आधार सोडून देवाचा दरबार नावाचा भक्तांचा मेळा सुरू केला आणि दोनच वर्षांत, १९१९ मध्ये ते गेले. दरबार फार टिकला नाही. पण टिळकांची गीतं आज आपल्या पुस्तकात आहेत आणि मला खात्री आहे, आईंना त्यातली निम्मी पाठ असतील. म्हणायला लावा.

१४. नवे पाळक येणार आहेत. चार्ज देताना काय काय बघायचं?

सभासदांचं, बाप्तिस्म्याचं, लग्नाचं आणि दफनाचं रजिस्टर, कॅशबुक, बँकेच्या सह्या, मिळकतीचे कागद, प्रभुभोजनाची भांडी आणि सगळ्या किल्ल्या. प्रत्येक किल्लीला चिठ्ठी बांधा (का ते प्रश्न ३ मध्ये). यादी दोन प्रतींत करून दोघांच्या सह्या घ्या.

आमचं बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर २०१९ च्या पुरात कपाटात भिजलं होतं. पाळकीणबाईंनी त्याची पानं एकेक करून पंख्याखाली वाळवली, मध्ये मध्ये वर्तमानपत्र घालून. अजून कडा पिवळ्या आहेत आणि काही नावांची शाई पसरलीय, पण वाचता येतं. नव्या पाळकांनी चार्ज घेतला तेव्हा पहिलं तेच उघडलं आणि सावकाश नावं वाचत बसले, मोठ्याने. आडनावं ओळखून कोणीतरी म्हणायचं, "हे माझे आजोबा." यादीतल्या बाकीच्या वस्तू राहिल्याच त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी पूर्ण केल्या.

१५. या सगळ्या गोंधळात मी दीड वर्ष चर्चला आलो नाही. आता कुठल्या तोंडाने येऊ?

भाऊ, तुम्ही या. कोणी विचारलं तर "बरेच दिवसांनी आलो" एवढंच म्हणा, पुढचं सांगायची गरज नाही. उपासना नऊला असते पण साडेनऊला आलात तरी मागचं दार उघडं असतं, डावीकडचा शेवटचा बाक पंख्याखाली आहे आणि तिथे सहसा कोणी बसत नाही. एकट्याने आत यायला जड जात असेल तर आदल्या दिवशी नुसता मेसेज टाका, मी गेटपाशी थांबते.